धुक्यात अडलेलं जहाज

फिनलंडमधल्या ओउलूच्या शाळेत माझी मैत्रीण हिल्का वुओरेला ही विणकाम शिकवायची. निवृत्तीनंतर तिने आपल्या मॅक संगणकावर जहाजांचा एक गेम घेतला. विंडोजवर तो सुरळीत चाले, पण मॅकसाठी काढलेल्या आवृत्तीत जहाज सारखं जागच्या जागी थिजायचं. मॅकवाले खेळाडू फोरमवर कंपनीच्या नावाने बोटं मोडत होते.

"काढून टाक गं, डोक्याला ताप नुसता," मी म्हणाले.

"टाका कुठे चुकलाय ते बघितल्याशिवाय?" हिल्का म्हणाली.

सबंध हिवाळा ती वहीत टिपत राहिली, जहाज कधी अडलं, तेव्हा पडद्यावर काय होतं. मार्चमध्ये तिला उमगलं. धुकं आलं की अडतं! धुक्याआडचं न दिसणारं अख्खं बंदर मॅकवरचा गेम दोरखंडांसकट रंगवत बसत असणार. तिने कंपनीला तसं कळवलं.

उत्तर आलं, "आम्ही सहाजण वर्षभर हेच शोधत होतो."

दुरुस्तीनंतर आम्ही दोघींनी गेम लावला. दाट धुक्यातून जहाज अलगद पुढे सरकलं. प्रोग्रॅमिंगचं अक्षरही न येणारी ही बाई! मी तिच्याकडे बघतच राहिले.

"बघतेस काय, कॉफी ओत," ती म्हणाली.