वाटीएवढं भोक

गेल्या उन्हाळ्यात मी माझ्याच घरात डबाबंद झालो.

पोरगा बंडू पुण्याहून आला, एसी बसवून गेला. जाताना म्हणला, "अण्णा, फटी बुजवा. गारवा बाहेर पळतो अन् मीटर गरगर फिरतं."

मी चौथी नापास. सांगितलं ते केलं. क्रांती चौकातनं रबरी पट्टी अन् चिकटवायचा मसाला आणला. खिडक्या बुजवल्या. मागचं दार तसंही कुणी उघडत नव्हतं, ते चिकटवूनच टाकलं!

राहिली स्वयंपाकघराची खिडकी. तिची एक काच माझ्या बायकोनं, कलावतीनं, स्वतः काढलेली. पलीकडं रेहानाभाभीचं घर, मधी हातभर बोळ. त्या भोकातनं दोघींच्या वाट्या ये-जा करायच्या. कलावती वारली, पण भाभीची सवय नाय गेली. दुपारी वाटी आत येते अन् मागनं हाक, "कलाबाई, लो!" मग भाभी जीभ चावते. मला मात्र बरं वाटतं. या घरात कलावतीला हाक मारणारं दुसरं हाय कोण?

म्हणून ते भोक मी टाळत होतो. तर बंडूचा फोन!

"अण्णा, आईचं ते भोक बुजवलं का?"

"बुजवू की."

"आजच बुजवा! सगळा गारवा तिथूनच जातो."

एसीच्या खोक्यातलं थर्माकोल कापलं अन् बसवलं. मनात कायतरी टोचलं. पण आता एकबी फट सोडायची नाय म्हणून पुढच्या दाराला पट्टी लावली (एकावर एक दोन, पक्कं काम!) अन् आतनं दार धाडकन ढकललं. बसलं! असं बसलं की ओढता ओढता कडीच हातात आली. फोन बाहेर ओट्यावर. बोंब मारली, तर घर इतकं पक्कं की ती माझ्याच कानात परत! एसी मात्र जोरात. संभाजीनगरात, भर मे महिन्यात, मी गोधडी शोधतोय!

शेवटी थर्माकोल उपटायला खिडकीपाशी गेलो, तोच पलीकडनं धक्का! थर्माकोल कपाळावर, वाटीतलं वरण टकलावर!

"कलाबा... या अल्ला! अण्णा, ये क्या लगाकू बैठे?"

"भाभी, अडकलोय! भाईला धाडा!"

"खुद के घर में?"

"मग काय तुमच्या?"

भाभीच्या मालकानं, रशीदभाईनं, बाहेरनं खांदा मारला. दार बिजागऱ्यांसकट आत आलं. दारावर भाई, दाराखाली मी!

संध्याकाळी बंडूनं विचारलं, "सगळ्या फटी बुजल्या ना?"

"एक सोडून."

"कोणती?"

"तुझ्या आईची. ती ऱ्हाणार."

बंडू हळूच म्हणला, "ऱ्हाऊ द्या."

आता एकच अडचण उरली. कलावतीचा कायदा होता, वाटी रिकामी परत द्यायची नाय. ती ठेचा भरून द्यायची, नायतर शेंगांची चटणी. मला चहाबिगर काय येत नाय. दुसऱ्या दिवशी वाटी धुतली, एसीखाली धरली अन् भोकातनं पुढं केली.

भाभी म्हणली, "अण्णा, खाली वाटी?"

"खाली कुठं? हात लावून बघा. काठोकाठ गारवा भरलाय!"