शेवटची वीतभर रेघ

बर्फोबांना उडी बघायला बोलावण्यात काही अर्थ नसतो. बर्फावर स्केटिंग करणारी पोरगी हवेत गेली की सगळ्या रिंकच्या माना वर, आणि या एकट्याची खाली. टाळ्या पडतात, आया डोळे पुसतात, आणि हे आपले बर्फाकडे बघत उभे, जशी कुणाची अंगठी पडली आहे आणि ती यांनाच सापडायची आहे. पोरगी उतरून निघून गेली की रबरी बूट फताक फताक वाजवत तिथे जाणार, गुडघ्यांवर हात टेकून वाकणार, आणि बर्फावरची रेघ वाचणार.

नाव अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नाही. एकतीस वर्षं बर्फावर काढली, पोरांनी बर्फोबा म्हटलं, आणि ते असं चिकटलं की आजी, म्हणजे त्यांची बायको, रागावली की तीही "अहो बर्फोबा" म्हणते. लाडात आली की काय म्हणते ते शेजारपाजाऱ्यांना ठाऊक आहे, भिंती पातळ आहेत, पण ते इथे नको.

रिंक लहान, म्हणून कामं दोन आणि माणूस एक. सकाळ-दुपार बर्फाची गाडी फिरवायची, म्हणजे वरचा खरवडलेला थर काढून, गरम पाणी सोडून बर्फ पुन्हा आरशासारखा करायचा. आणि मधल्या वेळात जिन्याखालच्या खोलीत स्केट्सच्या पात्यांना धार लावायची. खोली एवढीशी, की मशीन सुरू असताना आत आलेल्या माणसाने पोट आत घ्यावं लागतं. स्केटच्या पात्याला चाकूसारखी एक धार नसते. मधे पन्हळ असते आणि दोन्ही बाजूंना एकेक कड, एक पायाच्या आतली, एक बाहेरची. धार लावून झाली की बर्फोबा दोन्ही कडांवर एक जुनं नाणं आडवं ठेवतात आणि डोळा बारीक करून बघतात. नाणं केसभर जरी तिरकं दिसलं, तरी पुन्हा पहिल्यापासून. बूट घ्यायला आलेली आई बाहेर कितीही घड्याळ बघो.

आता ती उडी. लुट्झ म्हणतात तिला, आणि ती मुळातच उलट्या खोपडीची आहे. डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर, पाठमोरं, लांबलचक वळण घेत यायचं. मग उजव्या पायाच्या पात्याचे पुढचे दात बर्फात रोवायचे आणि हवेत गिरकी घ्यायची ती वळणाच्या विरुद्ध दिशेला. अंग म्हणतं, "अगं, इकडे वळायचंय ना, मग आधीच थोडं कलू या." ऐकलं की संपलं. दात रोवण्याच्या आधी, पापणी लवेल तेवढ्यात, पाय बाहेरच्या कडेवरून आतल्या कडेवर कलंडतो. उडी सोपी होते, दिसतेही झकास, पण ती लुट्झ राहत नाही. बघणाऱ्याला कळत नाही. बर्फाला कळतं. रेघेची शेवटची वीत उलटीकडे वळते, मांजराच्या शेपटीसारखी.

रिंकवर ही उडी मारणाऱ्या तिघी. एक हॉस्पिटलातल्या नर्सबाई, वय बेचाळीस. त्या दीड फेरी मारून वेग घेतात, हात उघडतात, आणि ऐनवेळी विचार बदलतात. त्यांची रेघ अगदी निर्दोष, कारण पुढे काही होतच नाही. दुसरी बेकरीवाल्याची लेक. ती येते हळू, मनात आकडे म्हणत असल्यासारखी ओठ हलवत, आणि उडी अशी की मैद्याचं पोतं गाडीत टाकलं. हातभरही वर जात नाही, उतरताना लटपटते, कधी हात टेकते. आणि तिसरी बर्फोबांची नात, भिंगरी. वय चौदा. ती वाऱ्यासारखी येते, छातीएवढी उडते, आणि उतरते ती भांड्यात दूध ओतावं तशी, आवाज नाही, शिंतोडा नाही. सगळं रिंक म्हणायचं, तुलनाच नाही हो. बर्फोबा काही म्हणायचे नाहीत. लोकांना वाटायचं, नातीला दृष्ट लागू नये म्हणून.

त्या वर्षी मोठ्या स्पर्धेला क्लबमधून एकच मुलगी जायची होती, आणि तिथले परीक्षक कडेच्या बाबतीत फार खडूस असल्याचं शिकवणाऱ्या ताईंनी ऐकलं होतं. ताईंचा एक रिवाज होता. निवड करायची झाली की बर्फोबांना जिन्याखाली बसवायचं, दार लावून, धारेचं मशीन चालू ठेवून, म्हणजे आवाजही नको. मुलींनी रिंकच्या एकेका अर्ध्यात तीन-तीन उड्या मारायच्या. मग बर्फोबांनी यायचं आणि कुठला अर्धा खरा ते सांगायचं. कुणाचा ते त्यांना माहीत नसणार, म्हणून न्याय चोख.

म्हणजे असं ताईंना वाटायचं. ज्या माणसाने त्या पात्यांना स्वतः धार लावली, त्याला ती ओळखू येणार नाहीत? स्वयंपाकीणबाईला आपली पोळी ओळखू येत नाही होय? भिंगरीच्या उजव्या पात्याचा खालचा दात गेल्या वर्षी जिन्यावर आपटून तुटला होता. बाकीच्यांच्या दातांची बर्फात तीन टिंबं पडतात, हिची दोन. हे बर्फोबांनी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

त्या दुपारी ते बाहेर आले, तर दोघी पोरी कठड्याला टेकून, गाल लाल, एकमेकींकडे न बघता उभ्या. बर्फोबा आधी डाव्या अर्ध्यात गेले. तीन वळणं. एका वळणापुढे मोठा फराटा, म्हणजे पोरगी बुडावर आपटली होती. पण तिन्ही रेघा शेवटपर्यंत बाहेर. जिद्दीने, दात-ओठ खाऊन बाहेर.

मग उजवा अर्धा. उतरल्याच्या रेघा अशा सुंदर की फ्रेम करून लावाव्यात. आणि उडीच्या आधी शेपटी. तिन्ही वेळा. शेजारी दोन-दोन टिंबं.

बर्फोबा जरा जास्तच वेळ वाकून राहिले. ताईंना वाटलं, कंबर धरली.

"काय हो? जमत नसेल तर सोडा, मी काहीतरी ठरवते."

सोडता आलं असतं. "दोन्ही बऱ्या आहेत, उतरणं बघून ठरवा" एवढं म्हटलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं, आणि नात स्पर्धेला गेली असती. स्पर्धेच्या गावीच तिची आई नोकरीला होती, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पोरीने तीन आठवड्यांपासून बॅग भरून कॉटखाली ठेवली होती.

"डावीकडची खरी," बर्फोबा म्हणाले. "उजवीकडची अजून आत वळते."

ताईंनी मान हलवली, वहीत लिहिलं. बेकरीवाल्याच्या लेकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आणि भिंगरी कठडा सोडून सरळ आजोबांसमोर येऊन थांबली.

"अजून म्हणजे?"

बर्फोबा बुटाने बर्फाचा चुरा बाजूला सारू लागले.

"आजोबा, अजून म्हणजे काय? तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"बूट काढ, पाय गार पडतील," बर्फोबा म्हणाले. एवढं बावळट उत्तर त्यांनी आयुष्यात दुसरं दिलं नसेल, एक लग्नाला होकार सोडला तर, असं आजी म्हणते.

माहीत होतं. दोन वर्षं माहीत होतं. भिंगरीची आई नोकरीसाठी लांब गेली आणि पोरगी इकडे आजी-आजोबांकडे आली, तेव्हा पहिले चार महिने ती जेवणाच्या ताटाशीसुद्धा पाहुण्यासारखी बसायची. "आणखी वाढू?" "नको, थँक्यू." नात आजीला थँक्यू म्हणते, यावर आजी मोरीत जाऊन रडायची. आणि मग एका सकाळी पोरगी ही उडी उतरली आणि हसली. मोठ्याने, तोंड उघडून, दात दाखवत. "आजोबा, बघितलंत?" बर्फोबांनी सवयीप्रमाणे खाली बघितलं होतं. शेपटी. त्यांनी वर बघितलं, मग परत खाली बघितलं, आणि काही न बोलता जाऊन गाडी सुरू केली आणि त्या रेघेवरून फिरवली. वेळ झालेली नसताना. त्यानंतर रोज, तिचा सराव संपला रे संपला की गाडी बर्फावर. ताई कौतुक करायच्या, किती तत्पर माणूस!

आज सांगू, उद्या सांगू, ताईंच्याच लक्षात येईल, असं करता करता दोन वर्षं गेली. आणि पायाला एकदा चुकीची सवय लागली की ती पाहुण्यासारखी जात नाही, भाडेकरूसारखी बसते.

त्या दिवशी घरी गेल्यावर भिंगरीने कॉटखालची बॅग ओढून काढली, कपडे परत कपाटात लावले, एकेक घडी मोडून नीट पुन्हा घालत. आवाज फक्त हँगरचा. बर्फोबा बाहेरच्या खोलीत तेच वर्तमानपत्र तिसऱ्यांदा वाचत होते.

"बर्फावरची रेघ वाचता येते," आजी पलीकडून म्हणाली, "आणि पोरीचा चेहरा वाचता येत नाही का हो? जा की आत."

"जाऊन काय सांगू?"

"मला काय विचारता! मला कुठे सांगितलंत दोन वर्षं? एकाच ताटात जेवतो म्हणे आपण."

बर्फोबा दारापर्यंत गेले. दार अर्धं उघडं होतं. ते तिथेच उभे राहिले.

"चूक झाली," ते दाराला म्हणाले. "तू हसली होतीस. मला वाटलं, सांगितलं तर परत थँक्यू म्हणायला लागशील."

आतून हँगरचा आवाज थांबला. मग, "मला आजही हसू आलं असतं, आजोबा. आधी सांगितलं असतंत तर."

बर्फोबा परत येऊन वर्तमानपत्र उलटं धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रिंकवर पोचले, तर भिंगरी आधीच कठड्यापाशी बुटांच्या नाड्या आवळत होती. गुड मॉर्निंग नाही, काही नाही.

"किती रेघा पुसल्यात माझ्या?"

"मोजल्या नाहीत."

"आज गाडी काढायची नाही. इथे उभं राहायचं आणि सांगायचं. गोड बोलायचं नाही."

"बरं."

"बरं नाही, शप्पथ."

"शप्पथ."

तिने वेग घेतला, आली, उडाली, उतरली. दुधासारखीच.

"आत," बर्फोबा म्हणाले.

दुसरी. "आत."

तिसरी. "आत. थोडी कमी."

"थोडी कमी म्हणजे गोड बोलणं झालं."

"नाही गं, खरंच थोडी कमी."

पाचव्या वेळी तिने पाय हट्टाने बाहेरच दाबून धरला, तर उडीच नीट झाली नाही. अर्ध्या गिरकीतच खाली. सहाव्या वेळी आपटली. सातव्या वेळी परत आपटली, आणि उठताना रडत होती, रागाने, नाक मनगटाला पुसत. बर्फोबांचा हात आपोआप पुढे गेला, मग त्यांनी तो खिशात घातला. दोन वर्षं वाऱ्यासारखी उडणारी पोरगी आता बेकरीवाल्याच्या लेकीसारखी हळू येत होती, ओठ हलवत. उंची नाही, दूध नाही, काही नाही. बघवत नव्हतं. पण त्यांना बघायचं काम दिलेलं होतं.

अकराव्या वेळी ती कुल्ल्यावर जोरात आपटली आणि तशीच घसरत कठड्यापर्यंत गेली. बर्फोबा धावायला निघाले.

"थांबा!" ती ओरडली. "पाय ठेवू नका तिथे! मी बघते आधी."

ती गुडघ्यांवर रांगत परत आली. रेघेवर तोंड नेऊन, नाक जवळजवळ टेकवून बघू लागली. बर्फोबाही शेजारी वाकले. दोघांच्या श्वासाची वाफ एकत्र होत होती.

"ही बाहेर आहे," भिंगरी म्हणाली.

बर्फोबांनी चष्मा पुसला. लांब वळण, शेवटची वीत, मग दोन टिंबं, मग फराटा.

"पडलीस मात्र."

"पडले ते नंतर. रेघ सांगा."

"बाहेर आहे."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. बाई गं, शप्पथ घेतलीये मी."

ती तिथेच बर्फावर बसून राहिली, एका हाताने मांडी चोळत. हसली नाही. पण खिशातून चॉकलेट काढलं, अर्धं मोडलं आणि आजोबांना दिलं, आणि दोघांनी ते हातमोजे न काढताच खाल्लं.

इतक्यात दार वाजलं, बेकरीवाल्याची लेक आणि ताई आल्या. बर्फाची दशा बघून ताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, हे काय? हिला आता स्पर्धेची तयारी करायची आहे, आणि तुम्ही अजून गाडी काढली नाहीत?"

बर्फोबांनी भिंगरीकडे बघितलं. "राहू दे का एवढा तुकडा? दुपारपर्यंत?"

"कशाला?" भिंगरी उठून पाठीवरचा बर्फ झटकत म्हणाली. "पुसा. उद्या परत काढता आली, तर खरी." आणि बेकरीवाल्याच्या लेकीकडे वळून, जरा फणकाऱ्यानेच, "तू शेवटी ओठ हलवत काय म्हणतेस गं? मला शिकव."

"आकडे," ती बिचारी दचकून म्हणाली. "सातापर्यंत. सातावर पाय हलवायचा नाही."

दोघी बाकावर डोकी जोडून बसल्या. बर्फोबांनी गाडी काढली, कडेने सुरुवात केली, एकेक पट्टा नीट घेत आत येत गेले. तो तुकडा तेवढा शेवटी राहिला. तिथे आल्यावर गाडी जरा हळू झाली, असं ताई म्हणतात.

"आजोबा," बाकावरून आवाज आला, "चला की! आम्हाला बर्फ पाहिजे."

"चाललो, चाललो," बर्फोबा म्हणाले, आणि चालले.