पोकलेनचा पोळा

आमच्या घरात दोष शोधण्याचं रीतसर शिक्षण घेतलेला मी एकटाच. बाकीच्यांना ते उपजतच येतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी एक जुना जपानी पोकलेन घेतला होता. (जुना म्हणजे जपानात जुना. जळगावात तो ट्रेलरवरून नवरदेवासारखा मिरवत आला!) त्याच्या केबिनमध्ये एक छोटा पडदा होता. इंजिनात ठिकठिकाणी सेन्सर बसवलेले. कुठे काही बिनसलं की लाल दिवा लागायचा आणि पडद्यावर एक आकडा यायचा. त्या आकड्यांचे अर्थ मी धुळ्याच्या एका मेस्तरीकडे राहून शिकून आलो होतो. पाणी तापलं, तेल कमी झालं, हवेचा फिल्टर चोंदला... सगळे कोड पाढ्यांसारखे पाठ! आणि काय यंत्र होतं हो ते! माणसाला आपलं पोट का दुखतंय ते धड सांगता येत नाही, आणि हे लोखंड आपलं दुखणं आकड्यात सांगायचं. माझी तर छाती फुगली होती. बायकोने नुसतं कपाळ धरलं तरी मी विचारायचो, "कोड काय येतोय?" (त्यावर जे उत्तर यायचं ते मेस्तरीने शिकवलेलं नव्हतं.)

आता नाना. नाना म्हणजे माझे वडील. पारोळ्याकडची शेती भावकीकडे सोपवून ते जळगावात पिंप्राळ्याला माझ्याकडे राहायला आले होते. सगळं सुख होतं, फक्त पोळ्याला धुवायला बैल नव्हता. पोळा आला की ते दिवसभर घरात येरझाऱ्या घालायचे. त्या वर्षी मात्र सकाळीच बादली आणि घासणी घेऊन ते कॉलनीच्या मैदानात, पोकलेनपाशी हजर!

"नाना, हे काय चाललंय?"

"बैल राबस, हाऊ बी राबस. मंग याना बी पोया!"

मीही बाह्या सरसावल्या. पोकलेन धुतला, बकेटच्या दातांना बेगड लावली, केबिनवर झूल टाकली, माळ घातली. कॉलनीतल्या बायका आरतीची ताटं घेऊन आल्या. मी वर चढून काच पुसत होतो तेव्हा नानांनी खालून विचारलं, "अरे, यानं तोंड कोठे शे?"

"नाना, हा जेवत नाही. हा फक्त श्वास घेतो."

"मंग नाक कोठे शे?"

मी हातातलं फडकं न थांबवता मागच्या टोपीवाल्या नळीकडे बोट दाखवलं. ज्ञान दिल्याने वाढतं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी धो धो पाऊस. शेजाऱ्यांकडे असोद्याहून फोन आला. माझी थोरली बहीण, अक्का.

"सुऱ्या, केळीत गुडघाभर पानी शे! आज चर खोदीसन पानी काढं तं ठीक, नाहीतर मुळं सडी जातीन. पोकलेन लई ये!"

अक्काचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. दाजी आजारपणाने खाटेला खिळलेले, आणि ती बाग तिने एकटीने उभी केली होती. खोडं लावण्यापासून पाण्याच्या पाळ्यांपर्यंत सगळं तिच्या हातचं. काळ्या जमिनीत पाणी साचून राहिलं की केळी गेली म्हणून समजा. मी पोकलेन ट्रेलरवर चढवला आणि ऑपरेटर बापूला घेऊन निघालो. नानाही आले. "मना बैल मी एकला धाडाव नाही," म्हणाले.

शेतावर निम्मं असोदा जमलेलं. खालच्या ओढ्यापर्यंत चर खोदायचा होता. बापूने पोकलेनचा लोखंडी हात, म्हणजे बूम, उचलला, बकेट चिखलात घातलं, आणि इंजिन म्हाताऱ्यासारखं खोकायला लागलं. काळा धूर! लाल दिवा! पडद्यावर आकडा!

मला तर आनंदच झाला. एवढ्या गर्दीसमोर विद्या दाखवायची संधी पुन्हा कधी येणार? आकडा वाचून मी मोठ्याने जाहीर केलं, "हवेचा फिल्टर चोंदलाय!"

"काय डोकं शे पोराचं!" मागून कोणीतरी म्हणालं.

मग आठवलं, फिल्टर तर मी परवाच नवा कोरा टाकला होता. म्हणजे फिल्टर निर्दोष. म्हणजे दोषी कोण? सेन्सर! साधा तर्क! मी सेन्सर काढला, पुसला, फुंकला, पुन्हा बसवला. दिवा चालूच. मग हत्यारांच्या डब्यातला दुसरा सेन्सर बसवला. दिवा चालूच! गर्दी आता माझ्याकडे बघायचं सोडून आपसांत बोलायला लागली. माझा पारा चढला. मी सेन्सरची वायरच उपटली. दिवा विझला!

"झालं काम!" मी हात झटकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बापूने जोर लावला. इंजिनाने धुराचा एक भलामोठा लोट सोडला, दोन आचके दिले आणि बंद पडलं. केळीतलं पाणी आणखी चढलं होतं.

तेवढ्यात अक्का चिखल तुडवत आली. लुगडं खोचलेलं, डोळे लाल.

"तो दिवा काय सांगत होता?"

"फिल्टर चोंदला म्हणत होता. पण खोटं बोलत होता, अक्का! फिल्टर नवा आहे."

"उघडीसन पाह्यलं?"

"अगं, नवा आहे म्हटलं ना!"

"उघडीसन पाह्यलं का?"

"हे बघ, ही तांत्रिक बाब आहे. अशा वेळी सेन्सरच..."

"पोरगं पोट दुखस म्हणे, तं पोट पाहतंस का त्यानं तोंड दाबतंस?" अक्का कडाडली. "उघड ते!"

मी फिल्टरचं झाकण उघडलं. आतून वेलची-जायफळाचा घमघमाट आला. फिल्टरवर पुरणाचा जाडजूड लेप बसला होता. साजूक तुपासकट! मशीन हळू चालत होतं तोवर निभावलं. जोर लावल्यावर बिचाऱ्याला श्वास मिळेना.

सगळ्यांच्या माना नानांकडे वळल्या.

"सणना दिन त्याले उपाशी ठेवू का?" मग माझ्याकडे बोट. "आन नाक तं यानंच दाखाडं!"

असोदा हसून हसून चिखलात बसलं. मी कान पकडले आणि फिल्टर काढला. अक्का मात्र हसली नाही. "जुना फिल्टर शे का? लाव तोच. एवढ्या चिखलात धूळ कुठून येणार!" हे मला सुचायला हवं होतं. डब्यात पडलेला जुना आपटून-झटकून बसवला, उपटलेली वायर जोडली. दिवा लागला नाही, आणि इंजिनाने अशी डरकाळी फोडली की झाडावरचे बगळे उडाले.

दिवस मावळायच्या आत चर ओढ्याला भिडला. पाणी धावायला लागलं तशी अक्का पोकलेनजवळ गेली, चिखलाच्या हाताने त्याचं लोखंड थोपटलं आणि म्हणाली, "शाब्बास रे मना राजा!" आणि मग ढसाढसा रडली. मीही रडलो. अशी बहीण मिळायला भाग्य लागतं. घरादाराचं तिने असंच केलं होतं, जो जे सांगेल ते आधी ऐकून घेतलं होतं.

बाग वाचली. पुढे कापणीच्या वेळी पोकलेन असोद्यातच कामाला होता. अक्का पहिला घड डोक्यावर घेऊन आली. काय घड होता! मी दोन्ही हात पुढे केले. ती माझ्या शेजारून पुढे गेली आणि घड केबिनला टांगला.

"पहिला मान खरं बोलणाराचा."

"आणि मी?"

"तुनं पाहू."

ती दिसेनाशी झाल्यावर मी हळूच बापूला म्हणालो, "एक केळं तोडून दे रे." पोकलेन माझा, डिझेल माझं, बापूला कामाला ठेवणारा मी.

बापू खाली उतरला, चपला घातल्या आणि निघाला.

"कुठे चाललास?"

"अक्काला विचारून येतो, शेठ."