तासभर गप्प बसायचं होतं

थोरल्या जाऊबाई गेल्याचा फोन आला, तेव्हा पुतण्या बोलायच्या आधीच मला कळलं. त्यांच्या घरून कुणीही फोन केला तरी मागून बाईंचा आवाज यायचाच. त्या दिवशी मागे काहीच नव्हतं... महिना झाला, तरी अजून मी फोन कानाला जरा दाबूनच धरते.

बाई धाड गावच्या आठवडी बाजारात भाजी विकायच्या. गिऱ्हाइकाला आधी गाव विचारायचं, मग माहेर, मग वांगी तोलायची. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोग जवळच्या लसीका गाठींत पसरला नसेल तर ऑपरेशन करू; ते कळायला अंगभर रोग शोधणारा पेट स्कॅन करा. संभाजीनगरला गेलो. इंजेक्शन देऊन सिस्टरनं बजावलं, "तासभर हलायचं नाही, बोलायचं नाही. ज्या अवयवाला काम द्याल, तिथं औषध जमतं." बाईंनी शहाण्यासारखी मान डोलावली. मी बाहेर बसले. पाच मिनिटांत दाराआडून आवाज आला, "तुमचं गाव कोन्तं वं माय?" शेजारच्या खुर्चीतली पेशंट बीबी गावची निघाली. तिच्या नणंदेची सून आमच्या भावकीतली निघाली. सिस्टर दोनदा रागावली. बाई तिलाच म्हणाल्या, "समोर मानूस बसलं अन् त्याले गावबी विचारू नाई? हे कोन्ती रीत व्हय?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली. गळ्याशी लालबुंद डाग! म्हटलं, रोग मानेपर्यंत चढला... डॉक्टरांनी निरखून विचारलं, "इंजेक्शननंतर या बोलत होत्या का?"

"हाव," मी म्हटलं, "पुरा तासभर."

डॉक्टर हसले. गळा बोलून बोलून उजळला होता. मग त्यांचं बोट ओटीपोटावर आलं आणि हसू गेलं. तिथल्या दोन गाठी मात्र रोगाच्याच होत्या. म्हणजे ऑपरेशन नाही, नुसते किरणांचे शेक आणि औषधं. बाईंनी बाजारात भाव करावा तसं विचारलं, "डॉक्टरसाहेब, गळ्याचं खोटं निंघालं, तसं खालचंबी निंघन का?" डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

परतताना एसटीत बाई गप्प. मला ते सोसेना. म्हटलं, "बाई, बोला ना काही."

"काऊन वं? आता कोनी फोटो काढून राह्यलं का?" असं म्हणून त्या पुढच्या सीटकडे वाकल्या आणि तिथल्या बाईला गाव विचारलं.

शेक घेऊन त्या दोन वर्षं जगल्या, आणि दोन्ही वर्षं बोलल्या. थोरले दीर परवा दवाखान्याचे कागद आवरत होते, तेव्हा ती फिल्म मी मागून घेतली. ती माझ्या कपाटामागे आहे. दुपारी घरात कुणी नसलं की खिडकीशी धरते. खालच्या दोन ठिपक्यांवर हात ठेवून ते झाकते आणि गळ्याकडे पाहते. सिस्टरचं ऐकलं असतं, तर तिथं नुसता अंधार असता. बरं झालं बाई, तुमी गप्प नाई बसल्या.