दोघांचाच फोटो

मैत्रिणींनो, आचोळ्याच्या सायबर कॅफेत बसलेय. घरी आई वाट बघतेय, पण आधी तुम्हालाच सांगते.

आज माझा व्हिसाचा इंटरव्ह्यू होता. संदेश अमेरिकेत असतो, लग्नही तिकडेच करायचंय. आमचं नातं खरं असल्याचा पुरावा म्हणून साखरपुड्याचा अख्खा अल्बम नेला होता. खिडकीपलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळी पानं उलटली आणि विचारलं, "तुम्हा दोघांचाच एखादा फोटो नाही?"

नाही! प्रत्येक फोटोत मधे कोणीतरी आहेच. फोटोग्राफर बिचारा म्हणाला होता, "आता फक्त दोघं या." तर आमची आत्या खुर्ची ओढून मधे बसली. "लग्नाआधी दोघांचाच कशाला गं? लोक काय म्हणतील?" चार दिवसांनी संदेश परत गेला.

आणखी पुरावे आणा, असं सांगून बाईंनी एक कागद हातात दिला.

बाहेर येऊन बूथवरून संदेशला फोन लावला. सगळं सांगितलं आणि म्हटलं, "एकदा येऊन जा ना."

तो म्हणाला, "फक्त एका फोटोसाठी एवढ्या लांब?"

मी फोन ठेवला. फोटोसाठी नाही, हे पण मीच सांगायचं का गं?