भिंतीवर राहिलेली गिटार

ती भिंत आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि ठाण्यात ते सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे किचकट अर्ज माझ्याच टेबलावर येत.

हा अर्ज खराडीत नोकरी करणाऱ्या एका तरुण इंजिनिअरचा होता. त्याने जुनी, लाल रंगाची अमेरिकन इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली होती. मधोमध भरीव लाकूड, दोन्ही बाजूंना पोकळी, वर दोन लांबट भोकं. अशी गिटार अस्सल असेल तर तिला मोटारीची किंमत येते, हे मला त्या दिवशी कळलं. जाणकाराने तपासून सांगितलं होतं, "आतलं लेबल जुनं आहे, गिटार नवी." विकणारे होते रास्ता पेठेतले एक म्हातारे वादक. मध्ये एक दलाल. त्याचा जबाब तोंडपाठ होता, "लेबल म्हाताऱ्यानेच चिकटवलं, साहेब. मी फक्त पोचवली."

त्या वादकांना सगळे मास्तर म्हणत. हॉटेलांच्या बँडमध्ये आयुष्य गेलेलं, आता बोटं संधिवाताने वाकडी. इस्त्रीचा शर्ट घालून ठाण्यात आले. टेबलावरच्या गिटारला हातही न लावता म्हणाले, "ही माझी नाही."

"कशावरून?"

"अहो, तुम्ही मंडईच्या गर्दीत बायकोला कशावरून ओळखता?"

आता हे जबाबात कसं लिहायचं? पावती नव्हती, जवळून काढलेला फोटो नव्हता. या वयात मास्तर फसवणुकीचे आरोपी होणार, हे दिसत होतं. मी वरिष्ठांकडे एक दिवस मागितला. त्यांनी कुरकुर करत का होईना, दिला. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

मास्तरांच्या घरी गेलो. खाली घरमालक राहत. दोघांचं इतकं पटत असे की एकाच जिन्यावर राहून भाडं मनीऑर्डरने जाई.

"गिटार बघायला आलात?" मालक म्हणाले. "वर आहे की! विकली, तरी भिंतीवरून उतरलेली नाही. रंग द्या म्हणून माझ्यामागे लागलेत. म्हटलं, आधी जागा सोडा, मग देतो रंग."

वर गेलो आणि दारातच थांबलो. स्टोव्हच्या धुराने भिंत काळपट झाली होती. फक्त खुंटीखाली, गिटारच्या आकाराचा, मूळचा फिका हिरवा रंग जसाच्या तसा होता.

शिपायाला पाठवून ठाण्यात जमा असलेली गिटार मागवली. एक पंच समोरचा किराणावाला, दुसरे पंच मी मालकांनाच केलं. जो मास्तरांच्या बाजूने चुकूनही बोलणार नाही, त्याचीच सही मला हवी होती. मालकांनी स्वतः गिटार टांगली. एका खांद्याला ती हिरव्याच्या बाहेर गेली, दुसरीकडे हिरवं उघडं राहिलं. त्यांनी चष्मा सारखा केला, सरकवून पाहिलं, काढून परत टांगली.

"नाही बसत. लिहा," ते म्हणाले. "यांच्याशी माझं पटत नाही, पण भिंत माझी आहे. तिच्याबद्दल खोटं नाही सांगणार."

गुन्हा दाखल झाला, पण दलालावर. बिबवेवाडीतल्या त्याच्या गोदामात दुसरी लाल गिटार सापडली.

"ही वेगळी, साहेब. लेबलच नाही हिला."

मी टॉर्च घेतला आणि भोकातून आत पाहिलं. आतलं लाकूड वयाने तपकिरी झालेलं, आणि त्यात एक फिका, स्वच्छ चौकोन. भिंत पाहिली नसती तर मला तो दिसलाच नसता.

"इथं काय चिकटवलेलं होतं?" एवढंच विचारलं. तो खाली बसला आणि त्याने पाणी मागितलं. पाण्यानंतर सगळं सांगितलं: मास्तरांची गिटार स्वतःकडे ठेवून, तिचं लेबल नव्या गिटारला लावून तीच त्याने इंजिनिअरला दिली होती.

गोदामातली गिटार मास्तरांच्या खुंटीवर लावली, तेव्हा हिरव्याची रेघही बाहेर दिसली नाही. पुढे कोर्टाच्या आदेशाने ती इंजिनिअरला मिळाली. तो मास्तरांच्या पाया पडला.

पदवीने मला नोकरी दिली. पण माणूस खरं बोलतो की नाही, हे चेहऱ्यावर शोधण्याआधी त्याच्या घरी जाऊन यावं, ही शिकवण एका चिकट घरमालकाने दिली. त्यांचा मी ऋणी आहे.

दिवाळीत मास्तरांनी फराळाला बोलावलं. मालकांनी अखेर खोली रंगवून दिली होती. सगळं पांढरंशुभ्र, फक्त खुंटीखालचा तो हिरवा आकार कडेकडेने नीट सांभाळून ठेवलेला.

उतरताना जिन्यात मालक भेटले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "तेवढाच रंग वाचला."