निळ्या चोळीवरचं थिगळ

धर्मराज मास्तर अंबरनाथच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या चाळीत, आमच्या शेजारी, त्यांची एकच खोली होती. १९५६ सालच्या माघातल्या एका रविवारी त्यांनी चुलीपुरतं ठेवून बाकी सगळं सामान आमच्याकडे आणून टाकलं, भिंतींवर बारा चित्रं टांगली आणि लोकांना पाहायला बोलावलं. एकदा तरी कुणी आपल्याला चित्रकार म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा.

हेडमास्तर अण्णा नारळ घेऊन आले. "पूजा कुठं मांडलीय?"

"पूजा नाही, अण्णा. चित्रं पाहायची."

"नुसती?" अण्णांनी नारळ मास्तरांच्या बायकोच्या, इंदुबाईंच्या हाती दिला. "मग हा चटणीला घ्या."

सगळे हसले. इंदुबाईही हसल्या. त्या दिवसासाठी त्यांनी नवी हिरवी चोळी शिवली होती.

मधल्या भिंतीवर त्यांचंच चित्र होतं. पदर खोचून तांदूळ पाखडणाऱ्या, पाठमोऱ्या, निळ्या चोळीत. खांद्यावर लाल थिगळ. निळ्यावरचा तो लाल मास्तरांना इतका आवडला होता की चार दिवस ते त्यावरच खपले होते. चित्र शाळेत बसून पुरं केलेलं. इंदुबाईंनी ते अजून नीट पाहिलंही नव्हतं.

अण्णांच्या पत्नी मालिनीबाई जवळ जाऊन पाहू लागल्या. "अगंबाई, टाकेसुद्धा मोजता येतात! इंदुबाई, ही तुमची रोजचीच ना हो?"

सगळ्यांनी आधी चित्राकडे पाहिलं, मग इंदुबाईंच्या खांद्याकडे. त्यांनी पदर ओढून घेतला. आणि त्या चहाचे कप गोळा करू लागल्या.

"वा, मास्तर!" अण्णा म्हणाले. "खरे चित्रकार आहात."

मास्तरांची मान वर झाली नाही.

पाहुणे गेल्यावर इंदुबाई म्हणाल्या, "सांगायचं तरी होतंत. तीच घालून चहा दिला असता."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर घरी येऊन मास्तरांनी सुरीनं तो लाल खरवडला आणि तिथं निळा भरला. पण महिन्यापूर्वीचा निळा काही जुळेना. तीनदा रंग कालवला. खांद्यावर आता निळ्यात निळं थिगळ दिसू लागलं, आधीच्याहून ठळक.

इंदुबाई हात पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या.

"आधीचंच बरं होतं," त्या म्हणाल्या. "ते निदान नीट शिवलेलं होतं."

मास्तरांना मागे वळून बघवलं नाही.